सातबारा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताय? जमिनीच्या कागदांसोबत तुमचं काय काय बाहेर जातं, ते आधी पाहा

‘रोड टच, क्लिअर टायटल, डायरेक्ट मालक.’ कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या जमिनींच्या अशा जाहिराती फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सतत फिरत असतात. अनेकदा जाहिरातीखाली सातबाऱ्याचा फोटो असतो. कुणी फोन करून ‘कागद पाठवा’ म्हटलं की पाठोपाठ जुनं खरेदीखत जातं, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं जातात, कधी पॅन कार्ड आणि पासबुकाचं पहिलं पानही जातं.

पाठवणाऱ्याला वाटतं, आपण जमिनीची माहिती दिली. पण त्या दहा-बारा फोटोंमध्ये जमिनीपेक्षा माणसांचीच माहिती जास्त असते. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं वय किती, कोण कुठे राहतं, कुणावर कोणत्या सोसायटीचं कर्ज आहे, कुणाची सही कशी आहे आणि कुणाच्या अंगठ्याचा ठसा कसा आहे, हे सगळं त्यात येतं.

यातली काही माहिती कायद्यानेच सर्वांसाठी खुली आहे. ती लपवण्यात अर्थ नाही. पण काही माहिती अशी आहे की ती तुम्ही स्वतः पाठवली नाही, तर समोरच्याला सहजासहजी मिळत नाही. हा फरक कळला की काय पाठवायचं आणि काय नाही, हे ठरवणं सोपं जातं.

कर्जत-खालापुरात हा प्रश्न जास्त का येतो?

मध्य रेल्वेची लोकल कर्जतला येते आणि पुढे खोपोलीपर्यंत जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. पनवेल ते कर्जत हा नवा उपनगरी रेल्वेमार्ग चौकवरून जाणार आहे. त्यामुळे नेरळ, कशेळे, चौक, वावोशी या पट्ट्यात फार्महाऊस, सेकंड होम आणि प्लॉटसाठी चौकशी करणारे लोक नेहमीच असतात.

दुसरीकडे, कोकणात एका सातबाऱ्यावर आठ-दहा सहहिस्सेदारांची नावं असणं ही नेहमीची गोष्ट. समजा, त्यातला एक भाऊ गावी आहे, एक डोंबिवलीला, पुतण्या पनवेलला आणि बहीण लग्न होऊन पुण्याला. सगळ्यांच्या सह्या लागणार, सगळ्यांचे कागद लागणार. मग फॅमिली ग्रुप हेच कागदपत्रांचं कपाट होतं. तिथून एखादा फोटो एजंटकडे जातो, एजंटकडून दुसऱ्या एजंटकडे आणि तिथून दोनशे जणांच्या ‘प्रॉपर्टी’ ग्रुपवर. पुण्याच्या बहिणीला तर माहीतही नसतं, की तिचं आधार कार्ड कुठे कुठे पोहोचलं.

सातबाऱ्यावर काय असतं आणि तो कोण पाहू शकतं?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. नमुना ७ हा अधिकार अभिलेख. त्यात जमीन कुणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, आकार किती, फेरफार क्रमांक कोणते आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळ, बोजा, कर्ज अशा नोंदी असतात. नमुना १२ ही पिकांची नोंदवही.

हा कागद गुप्त नाही. महाभूलेखच्या वेबसाईटवर कोकण विभाग, रायगड जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की सर्व्हे नंबर टाकून कुणालाही सातबारा पाहता येतो. नंबर माहीत नसेल तर नाव किंवा आडनाव टाकूनही शोधता येतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून डाउनलोड करता येतो. म्हणजे सातबाऱ्याचा फोटो पाठवला नाही, तरी ती माहिती मिळतेच.

मग फोटो टाकण्यात अडचण काय? अडचण सोबत लिहिलेल्या मजकुरात आहे. सातबाऱ्यावर मालकाचा मोबाईल नंबर नसतो, आधार नंबर नसतो, मालक गावात राहतो की बाहेरगावी हेही नसतं. जाहिरातीत मात्र आपणच लिहितो: ‘मालक वयस्कर आहेत, मुंबईला असतात, पैशांची गरज आहे, फोन नंबर अमुक.’ खुल्या माहितीला ही खासगी माहिती जोडली गेली की फसवणाऱ्याचं अर्धं काम होतं. त्याला मालकाचं पूर्ण नाव, सर्व्हे नंबर आणि कर्जाची रक्कम माहीत असते. ‘तहसील कार्यालयातून बोलतोय, तुमच्या फेरफारावर हरकत आली आहे, फी भरा’ असा फोन त्याने केला, तर तो खरा वाटायला एवढं पुरेसं असतं.

खरेदीखताचा फोटो सातबाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा का?

इथे दोन कायदेशीर तरतुदी एकत्र येतात.

पहिली, नोंदणी अधिनियम १९०८ मधलं कलम ५७. स्थावर मालमत्तेचे दस्त ज्या पुस्तकात नोंदवले जातात, ते पुस्तक क्रमांक १ शुल्क भरून कुणालाही पाहता येतं आणि त्याची नक्कल मागता येते. जमीन घेणाऱ्याला आधीचे व्यवहार तपासता यावेत, म्हणून ही सोय आहे. मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात नोंदवली जातात आणि ती अशी सगळ्यांसाठी खुली नसतात.

दुसरी तरतूद कलम ३२-अ. हे कलम २००१ च्या दुरुस्तीने आलं. त्यानुसार मालकी हस्तांतराच्या दस्तावर विकणारा आणि घेणारा, दोघांचेही पासपोर्ट आकाराचे फोटो आणि बोटांचे ठसे लावावे लागतात. खोटा माणूस उभा करून कुणी जमीन विकू नये, हा त्यामागचा हेतू.

म्हणजे ठसा आला फसवणूक थांबवण्यासाठी आणि दस्त खुला ठेवला व्यवहार तपासता यावा यासाठी. दोन्ही हेतू चांगलेच होते. पण तेव्हा अंगठ्याने बँकेतून पैसे निघत नव्हते. आज निघतात.

अंगठ्याच्या ठशाने पैसे कसे जातात?

गावात बँक मित्राकडे किंवा सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढतात, ती सोय म्हणजे आधार एनेबल्ड पेमेंट सिस्टिम, थोडक्यात ‘एईपीएस’. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा. एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. बँक लांब असलेल्या वाड्यापाड्यांवरच्या लोकांसाठी ही मोठी सोय आहे.

आता या तीन गोष्टी जमिनीच्या कागदांच्या फोटोंमध्ये शोधा. आधार कार्डावर नंबर आहे. पासबुकाच्या पहिल्या पानावर बँकेचं नाव आहे. खरेदीखताच्या शेवटच्या पानांवर ठसा आहे. तिन्ही एकाच चॅटमध्ये सापडतात.

ही नुसती भीती नाही. २०१८ मध्ये तेलंगणात एक प्रकार उघड झाला. नोंदणी खात्याच्या वेबसाईटवरच्या दस्तांमधून बोटांचे ठसे घेऊन त्यांच्या नकली प्रती बनवल्या गेल्या आणि त्यांच्या आधारे हजारो सिमकार्डं सुरू करण्यात आली. २०२३ मध्ये कर्नाटकात नोंदणी खात्याच्या पोर्टलवरच्या दस्तांमधून आधार नंबर आणि ठसे उचलून एईपीएसमार्फत लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याच्या तक्रारी बेंगळुरू पोलिसांकडे आल्या. त्यातल्या अनेकांनी अलीकडेच मालमत्तेची नोंदणी केली होती. एवढाच त्यांच्यातला समान धागा होता.

त्यानंतर यंत्रणेत सुधारणाही झाल्या. समोरचा ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे तपासणारी पद्धत आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणली. त्यामुळे नकली ठसा चालवणं पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे. तरी एक गोष्ट बदलत नाही. पासवर्ड चोरीला गेला तर नवा ठेवता येतो, एटीएम कार्ड बंद करून दुसरं घेता येतं. अंगठा मात्र जन्मभर तोच राहतो.

दुसरा धोका: तोतया मालक

जमिनीच्या कागदांबाबत आणखी एक गुन्हा होतो. खऱ्या मालकाच्या नावाने भलताच माणूस उभा करून जमीन विकली जाते. यासाठी मालकाचं नाव, वय, पत्ता, जुन्या सहीचा नमुना आणि आधार कार्डाचा फोटो मिळाला, की खोटं कार्ड बनवणं सोपं जातं. मालक बाहेरगावी राहतो, जमिनीवर वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही, हे माहीत असेल तर आणखी सोपं. तोतयेगिरी करून दस्त नोंदवणं हा नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तोवर खऱ्या मालकाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

गंमत अशी, की इथे खुली माहितीच आपल्या उपयोगी पडते. जमिनीवर नवा व्यवहार झाला की फेरफार नोंदवला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. ही नोटीस चावडीवर लागते, तशीच ‘आपली चावडी’ या सरकारी पोर्टलवरही दिसते. मुंबईत बसूनही आपल्या गावाचं नाव टाकून ती पाहता येते. महिन्यातून एकदा आपला सातबारा आणि आपली चावडी पाहण्याला पाच मिनिटं लागतात. घरातल्या एका तरुण सदस्यावर हे काम सोपवून टाकावं.

कायदा आपलं किती रक्षण करतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कुणाचाही आधार नंबर जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. म्हणून सहहिस्सेदाराचं किंवा ग्राहकाचं आधार कार्ड शेकडो अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकणं चुकीचंच आहे.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यातली एक गोष्ट सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जी वैयक्तिक माहिती तुम्ही स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू होत नाही. कायद्याने सार्वजनिक करणं भाग आहे, अशी माहितीही त्यातून वगळली आहे. थोडक्यात, सातबाऱ्यावरचं नाव खुलं आहेच. आणि फेसबुकच्या पब्लिक पोस्टमध्ये तुम्हीच टाकलेली माहिती कुणी उचलून वापरली, तर या कायद्याचा आधार मिळणार नाही. पोस्ट करण्याआधीचा विचार हेच तिथे खरं संरक्षण.

कोणत्या टप्प्यावर काय द्यायचं?

जमीन विकायची तर कागद दाखवावेच लागतात. प्रश्न सगळे कागद पहिल्याच दिवशी देण्याचा आहे. व्यवहार जसा पुढे जातो, तशी माहिती द्यावी.

जाहिरात करताना: गाव, साधारण क्षेत्र, रस्ता, पाणी, अपेक्षित किंमत एवढं पुरे. मालकाचं नाव, वय, कौटुंबिक अडचण लिहू नये. संपर्कासाठी घरातल्या जाणत्या माणसाचा नंबर द्यावा. बँक खात्याला जोडलेला नंबर शक्यतो देऊ नये.

खरा ग्राहक चौकशी करू लागला की: सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सांगावा. सातबारा, फेरफार आणि नकाशा तो स्वतः पाहू शकतो. या टप्प्यावर आधार आणि पॅन कुणालाही लागत नाही. ‘पार्टीला दाखवायचंय, आधार टाका’ असं कुणी म्हणालं तर सरळ विचारावं, कशासाठी?

वकील टायटल तपासताना: जुने दस्त वकिलाला द्यावे लागतात. ते शक्यतो हातात द्यावेत. वकील दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन नक्कलही काढू शकतो. फोटोच पाठवायचा असेल तर तो थेट वकिलाला पाठवावा, एजंटमार्फत नको. मजकुराची पानं आधी पाठवावीत, ठशांची पानं खरोखर लागली तरच.

विसार देताना-घेताना: दोघांनी समोरासमोर ओळखपत्रं पाहावीत. प्रत द्यायची असेल तर तिच्यावर आडवं लिहावं: ‘फक्त अमुक सर्व्हे नंबरच्या विसारासाठी’, तारीख आणि सही. ही प्रत पुढे दुसऱ्या कामाला वापरणं मग अवघड जातं.

नोंदणीच्या दिवशी: आधार, पॅन, फोटो, ठसा हे सगळं इथे लागतं आणि ते दुय्यम निबंधक कार्यालयातच द्यायचं असतं.

आधार झाकताना होणाऱ्या चुका

बहुतेक ठिकाणी ‘मास्क्ड आधार’ चालतं. त्यात नंबराचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारच्या वेबसाईटवरून ते मोफत डाउनलोड होतं. स्वतः फोटोवर नंबर झाकायचा असेल तर पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

• फोनमधला हायलाइटर पारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालचा आकडा दिसतो. त्यामुळे तो भाग कापून टाकावा किंवा पूर्ण अपारदर्शक रंगाने झाकावा आणि मग त्याचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवावा.

• नंबर झाकला पण क्यूआर कोड तसाच राहिला, असं अनेकदा होतं. कोड स्कॅन केला की नाव, जन्मतारीख, पत्ता निघतो. तोही झाकावा.

• डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. ज्याला नाव आणि वय माहीत आहे, तो ती फाईल उघडू शकतो. ‘पासवर्ड आहे, म्हणून सुरक्षित’ असं समजू नये.

तहसील कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात आपण फाईल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवतो आणि प्रिंट घेऊन निघतो. फाईल मात्र दुकानाच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहते. प्रिंट मिळाल्यावर ‘तेवढी फाईल डिलीट करा’ असं सांगून ती समोरच काढून घ्यावी. दुकानदाराला यात राग येण्यासारखं काही नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते बंद करावं.

कागद आधीच पाठवून झाले असतील तर?

ग्रुपवरचा फोटो ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केला, तरी ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहतोच. तरीही डिलीट करावा, म्हणजे पुढे जाणं थांबतं. जुन्या पब्लिक पोस्ट शोधून काढून टाकाव्यात आणि एजंटलाही ग्रुपवरून कागद काढायला सांगावं.

त्यानंतर आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं. आधारच्या अ‍ॅपवरून किंवा वेबसाईटवरून ते करता येतं, फक्त मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. लॉक असताना तुमच्या ठशाने कुठेही पडताळणी होत नाही. गरज पडली की थोड्या वेळापुरतं उघडता येतं. आधार कुठे कुठे वापरलं गेलं, याची मागच्या सहा महिन्यांची यादीही तिथे दिसते.

पण हा उपाय सगळ्यांसाठी सारखा सोपा नाही. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर अनेकांना रेशन अंगठ्यानेच घ्यावं लागतं, योजनेचे पैसेही अंगठ्यानेच काढावे लागतात. हातात साधा फोन आणि आधारला जोडलेला नंबर जुना, अशी स्थिती असेल तर लॉक उघडणं जमत नाही. अशा माणसाने आधी आधार केंद्रावर आपला चालू नंबर जोडून घ्यावा. एईपीएस व्यवहार बंद करण्याची किंवा मर्यादा घालण्याची सोय आहे का, हे बँकेत विचारावं. मुख्य म्हणजे त्याचे कागद ज्याच्या फोनमध्ये आहेत, त्या शिकलेल्या नातेवाइकाने किंवा एजंटाने ते जपावेत. ज्याचा सगळा व्यवहार अंगठ्यावर चालतो, त्याच्या ठशाचा फोटो पुढे पाठवताना दुप्पट विचार करायला हवा.

खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला लेखी कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली असेल, तर ग्राहकावर नुकसान पडत नाही. एईपीएसच्या व्यवहारात काही वेळा मेसेज येत नाही. त्यामुळे अधूनमधून पासबुक भरून घेणं हा जुना उपाय आजही कामाचा आहे.

फॅमिली ग्रुपवर एक नियम

जमीन सामाईक असते, तसे तिचे कागदही सामाईक असतात. पण प्रत्येकाचं आधार कार्ड आणि प्रत्येकाचा अंगठा त्याचा एकट्याचा असतो. म्हणून घरातल्या ग्रुपवर एवढं ठरवून टाकावं: सातबारा, फेरफार, नकाशा ग्रुपवर चालतील. आधार, पॅन, पासबुक आणि ठशाची पानं ज्याची आहेत त्याला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. काकांनी एजंटला कागद पाठवण्याआधी पुण्याच्या बहिणीला एक फोन केला, तर व्यवहाराला उशीर होत नाही. उलट, कोणता कागद कुणाकडे गेला आहे, हे घरात सगळ्यांना माहीत राहतं.